एचडी ६०० नंतर काय घ्यावे? रात्री ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ७ वर्षे सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन वापरत आहात. वय ५८, डोळ्यांवर चष्मा. रात्री जेवणानंतर दीड-दोन तास, घरातले झोपलेले असताना, मंद आवाजात ख्याल आणि जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकता. अलीकडे ऐकण्यात पूर्वीसारखी गोडी राहिलेली नाही, आवाज पातळ वाटतो आणि तासाभरात कान शिणतात. म्हणून २ लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, आणि सेनहायझर एचडी ८०० एस, फोकल क्लिअर एमजी, हायफायमॅन आर्या व ऑडिझी एलसीडी-एक्स या चारांपैकी सर्वांत चांगला कोणता हे तुम्हाला हवे आहे.

मी शास्त्रीय मैफलींचे ध्वनिमुद्रण आणि जुन्या ध्वनिफिती-तबकड्यांचे डिजिटल रूपांतर करतो, त्यामुळे हे चारही हेडफोन कामाच्या निमित्ताने माझ्या कानांवर राहिलेले आहेत. पण ‘सर्वांत चांगला कोणता’ या प्रश्नाआधी एक वेगळा प्रश्न सोडवावा लागेल, असे तुमचे वर्णन वाचून वाटते. जो हेडफोन तुम्हाला कित्येक वर्षे आवडला, तो आता का आवडेनासा झाला? हे कारण सापडल्याशिवाय नवा हेडफोन घेतला, तर पहिले काही आठवडे नावीन्याचा आनंद मिळेल आणि नंतर तीच तक्रार परत येण्याची शक्यता मोठी आहे.

पहिला संशय कानाच्या गाद्यांवर. ७ वर्षांत त्या बदलल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. एचडी ६०० च्या मखमली गाद्या वापराने चपट्या होतात, कान ड्रायव्हरच्या (आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या) जवळ जातो, कधीकधी कानाची पाळी आतल्या काळ्या फोमला टेकू लागते, आणि हेडफोनचे स्वरसंतुलन मुळात होते तसे राहत नाही. हा बदल इतक्या हळू होतो की रोज ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामाने हे आणखी लवकर होते. गाद्या दाबून सोडा आणि पाहा: नव्या गाद्या लगेच फुगून वर येतात, जुन्या दबलेल्याच राहतात. मूळ कंपनीच्या गाद्यांचा जोड तुमच्या अंदाजपत्रकाच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात येतो. स्वस्तातल्या नकली गाद्या टाळा, कारण त्यांची जाडी आणि कापड वेगळे असते आणि आवाजही वेगळा लागतो.

दुसरे कारण तुमच्या मंद आवाजात असावे. माणसाचा कान कमी पातळीवर खर्जाकडच्या स्वरांना फार कमी दाद देतो. हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले आणि नंतरच्या मोजमापांनीही ते पक्के झाले. घरातले झोपल्यावर तुम्ही आवाज उतरवता, तेव्हा गायकाचा गळा ऐकू येत राहतो, पण डग्ग्याचा भरदारपणा आणि तानपुऱ्याचा तळ मागे पडतो. तुम्ही ज्याला ‘पातळ’ म्हणता ते बहुधा हेच आहे. आवाज वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. तुमचे ऐकणे त्याच्या बरेच आत आहे आणि ते तसेच राहावे. मंद आवाजातला उणा खर्ज ईक्यूने (इक्वलायझरने, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचे प्रमाण कमी-जास्त करण्याच्या सोयीने) भरून काढता येतो, त्याविषयी पुढे लिहितो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण सांगायला हवी. पन्नाशीनंतर वरच्या कंप्रतेची श्रवणशक्ती बहुतेकांची कमी होते, आणि दोन्ही कानांची सारखीच कमी होते असे नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होणाऱ्या साध्या श्रवणचाचणीत २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचा आलेख मिळतो. दीड-दोन लाखांची खरेदी करण्यापूर्वी तो आलेख हातात असणे मला आवश्यक वाटते. वरच्या भागात मोठी घट असेल तर दुसऱ्याला कर्कश वाटणारा हेडफोन तुम्हाला योग्य वाटू शकतो, आणि इतरांची मते वाचून केलेली निवड तुमच्या उपयोगाची राहत नाही.

आता किमतीविषयी. हेडफोनची किंमत वाढली की आवाजाचे संतुलन आपोआप सुधारते, हे मोजमापात दिसत नाही. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या ध्वनिसंशोधकांनी २८३ हेडफोनच्या कंप्रता-प्रतिसादाची किमतींशी तुलना केली, तेव्हा दोहोंत संबंध आढळला नाही. हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून केलेल्या प्रयोगांत, बहुसंख्य श्रोते साधारण एकाच प्रकारचे संतुलन पसंत करतात असे दिसले. खर्ज थोडा उचललेला, मधला भाग सरळ, आणि ३००० हर्ट्‌झच्या आसपास बाह्यकर्णाच्या नैसर्गिक उठावाला जुळणारा उंचवटा, असे ते संतुलन आहे. तुमचा एचडी ६०० हा १९९७ चा हेडफोन मधल्या भागात या रेषेच्या फार जवळ जातो. म्हणूनच तो इतक्या वर्षांनंतरही कित्येक ध्वनिमुद्रकांच्या खोलीत दिसतो. महाग हेडफोन काही बाबतींत खरोखर पुढे आहेत: खर्जाची खोली, अवकाशाचा भास, मोठ्या आवाजातले कमी विकृतीकरण, बांधणी. पण गळ्याच्या खरेपणात ते एचडी ६०० ला मागे टाकतीलच असे गृहीत धरू नका.

हे ख्यालाच्या संदर्भात तपासून पाहू, कारण तिथे आकडे स्पष्ट बोलतात. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झ असतो. त्याच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा १३९ वर, पंचमाची तार १०४ वर आणि खर्जाची तार ६९ वर. एचडी ६०० चा प्रतिसाद साधारण ७०-८० हर्ट्‌झच्या खाली उतरू लागतो. म्हणजे पुरुष गायकाच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर बरोबर त्या उताराच्या तोंडाशी येतो आणि डग्ग्याची घुमारदार मींड तिथेच थोडी आखडते. आर्या किंवा एलसीडी-एक्सवर हा तळ पूर्ण मिळतो, कारण त्यांच्या प्लॅनर मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकांनी हलणाऱ्या सपाट पातळ, पडद्यांचा प्रतिसाद २०-३० हर्ट्‌झपर्यंत जवळजवळ सपाट जातो. परंतु काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा तानपुरा घेतला, तर त्याची खर्जाची तारच १०४ ते ११७ हर्ट्‌झवर असते, आणि तिथे एचडी ६०० ला काहीच अडचण नाही. तुमच्या संग्रहात कोणत्या आवाजांचे गाणे जास्त आहे, यावर प्लॅनरचा तुम्हाला होणारा फायदा ठरेल.

तानपुऱ्याची दुसरी बाजू जवारीची, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथून उठणाऱ्या झंकाराची. जवारी उत्तम लागलेली असली की तारेच्या मूळ स्वरापेक्षा तिचे उपस्वर ठळक ऐकू येतात आणि ते कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत पसरतात. हेडफोनच्या वरच्या भागात एखादा अरुंद उंचवटा असेल, तर गाण्याच्या शब्दांत तो एखाद्या ‘स’ किंवा ‘श’वर क्षणभर टोचतो आणि जातो, तानपुऱ्यात मात्र तो अखंड वाजत राहतो, कारण कुठला ना कुठला उपस्वर सतत त्या जागी येत असतो. तासाभरात कान शिणतात ते यामुळे. म्हणून हेडफोन तपासताना मी सर्वांत आधी नुसता तानपुरा ऐकतो. चार तारा छेडल्यावर उपस्वरांची जी लड खालून वर उलगडत जाते, ती एका संथ ओघात उलगडली पाहिजे. मध्येच एखादा उपस्वर बाहेर डोकावून तिथेच रेंगाळला, तर त्या हेडफोनवर रोज दोन तास ख्याल ऐकणे मला जमत नाही, मग त्याची कीर्ती कितीही असो.

या कसोटीवर एचडी ८०० एस कसा उतरतो? २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये ६००० हर्ट्‌झच्या आसपास असा एक उंचवटा होता. २०१६ च्या ‘एस’ आवृत्तीत कंपनीने शोषक बसवून तो कमी केला, पण पूर्ण घालवला नाही. याचा ५६ मिलिमीटरचा ड्रायव्हर कानापासून दूर आणि तिरपा बसवलेला आहे, त्यामुळे आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही. सभागृहात दोन मायक्रोफोनवर केलेले मैफलीचे ध्वनिमुद्रण यावर ऐकताना गायकापासून तबलजीचे अंतर, सारंगीची जागा, श्रोत्यांच्या ‘वा’ची दिशा इतकी नीट उमटते की चारांपैकी दुसरा कोणताही याच्या जवळ येत नाही. पण गायकाचा आवाज एक पाऊल मागे सरकतो, आणि एचडी ६०० वर तुम्हाला जी जवळीक मिळत आली आहे ती कमी होते. वजन ३३० ग्रॅम, कानाभोवती भरपूर मोकळी जागा. चष्मा लावणाऱ्याला हा चारांत सर्वांत सुखकर.

फोकल क्लिअर एमजी २०२१ चा, मॅग्नेशियमच्या घुमटाचा, ५५ ओमचा आणि ४५० ग्रॅमचा. तबल्याची चाट, मिजराबाच्या (सतार छेडण्याच्या नखीच्या) टोकावरून तार सुटतानाचा आघात, हार्मोनियमच्या भात्याचा हलका श्वास या गोष्टी तो तत्परतेने समोर ठेवतो. अवकाश मात्र लहान. एकल तबला आणि सतार-सरोद तुमच्या ऐकण्यात मोठ्या प्रमाणात असते, तर मी याचे नाव पहिल्याने घेतले असते.

आर्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत आणि त्यांचा आवाज एकसारखा नाही, त्यामुळे कोणाचे मत वाचताना ते नेमके कोणत्या आवृत्तीविषयी आहे हे पाहावे. खर्ज खोल, पट उंच आणि रुंद, पण १ ते २ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात थोडी घळ असल्यामुळे गळा काहीसा विरळ लागतो. एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅमचा आहे. स्टुडिओत अर्धा तास कामासाठी ते वजन चालते. रात्री खुर्चीत रेलून दोन तास मान ते कसे सोसेल याचा विचार करा. त्यातच प्लॅनर हेडफोनच्या गाद्या कानाभोवती घट्ट बसल्या तरच खालचा खर्ज पूर्ण मिळतो, आणि चष्म्याची दांडी नेमकी तिथेच फट पाडते. तुमच्या परिस्थितीत एलसीडी-एक्स मी यादीतून काढून टाकीन.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा हिशेब अगदी वेगळा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या किंवा बालगंधर्वांची नाट्यपदे घ्या. त्यांत उपयुक्त ध्वनी वरच्या बाजूला काही हजार हर्ट्‌झपर्यंतच आहे. त्याच्या वर उरते ती सुईची खरखर. १९२५ च्या आसपास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी भोंग्यात गाऊन घेतलेल्या तबकड्यांत तर हा पट्टा आणखी अरुंद. अशा मुद्रणावर हेडफोनचा वरचा विस्तार जितका ठळक, तितकी खरखर पुढे येते. शिवाय ही मुद्रणे एकपदरी (मोनो) आहेत, म्हणजे दोन्ही कानांत तोच आवाज जातो आणि तो डोक्याच्या मध्यभागीच बसतो. एचडी ८०० एसचा अवकाश इथे फारसा काही देऊ शकत नाही. माझ्याकडे तबकड्यांच्या रूपांतराचे काम असते तेव्हा दोष शोधण्यासाठी मी एचडी ८०० एस वापरतो, आणि शेवटी ते गाणे म्हणून ऐकण्यासाठी एचडी ६०० कडे येतो. तुमचा निम्मा वेळ जुन्या मुद्रणांत जातो, त्यामुळे ही गोष्ट तुम्ही गांभीर्याने घ्यावी.

ॲम्पविषयी (हेडफोनला शक्ती पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरविषयी) तुम्ही शेवटी ओझरते विचारले आहे, त्याचे उत्तर आकड्यांतच देतो. एचडी ८०० एसला १ व्होल्ट मिळाले की तो १०२ डेसिबल देतो. तुमचे सरासरी ऐकणे ७० डेसिबलच्या आसपास धरले आणि तबल्याच्या आघातासाठी वर २०-२५ डेसिबलची जागा ठेवली, तरी १ व्होल्ट पुरतो, आणि तेवढा आजचे साधे चांगले यूएसबी डॅक (डिजिटल ध्वनीचे विद्युत लहरींत रूपांतर करणारी उपकरणे) देतात. तुमच्याकडचा डॅक-ॲम्प गाणे तुटू न देता एचडी ६०० चालवत असेल, तर यासाठी वेगळा खर्च करू नका. पाहायची गोष्ट एकच: ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या बाहेर जाणाऱ्या जोडणीचा विद्युत अवरोध) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून जास्त नसावा. एचडी ६०० चा इम्पिडन्स नावाला ३०० ओम असला तरी १०० हर्ट्‌झच्या जवळ तो ५०० च्या वर जातो, म्हणून १२० ओम आउटपुटच्या ट्यूब ॲम्पवर त्या भागात सुमारे १ डेसिबलचा उठाव येतो. ज्याला काही जण ‘ट्यूबची ऊब’ म्हणतात, तिचा बराच भाग हा असतो. प्लॅनरचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असल्यामुळे त्यांच्यावर असा परिणाम दिसत नाही.

आता ईक्यू. त्याविषयी अनेक जाणकार श्रोत्यांच्या मनात किंतु असतो, पण प्रत्येक मुद्रण तुमच्यापर्यंत येण्यापूर्वी ईक्यूतून गेलेलेच असते. संगणकावर इक्वलायझर एपीओ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. एचडी ६०० साठी १०० हर्ट्‌झखाली ४ डेसिबलचा शेल्फ (त्याखालच्या सगळ्या स्वरांना सारखा उठाव) द्या, आणि तेवढीच एकूण पातळी आधी खाली घ्या म्हणजे आवाज फाटणार नाही. रात्रीच्या मंद पातळीसाठी हाच शेल्फ ५-६ पर्यंत नेता येतो. तबकड्यांसाठी वेगळा संच करा, त्यात ५००० हर्ट्‌झच्या वर हळूहळू उतार ठेवा. १९६०-७० च्या काही स्टिरिओ मुद्रणांत तबला पूर्ण एका कानात आणि सारंगी दुसऱ्या कानात असते. तिथे क्रॉसफीड चालू करा, म्हणजे एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानात मिसळतो आणि डोक्यावरचा ताण उतरतो. ईक्यूने स्वरसंतुलन जवळपास हवे तसे आणता येते. वजन, गाद्यांचा स्पर्श आणि ड्रायव्हरच्या दूर बसवणीतून येणारा अवकाश ईक्यूने मिळत नाही, आणि नव्या हेडफोनसाठी पैसे मोजायचे ते यासाठी.

इतके करून नवा जोड ऐकायला जाल तेव्हा तुलना कशी करायची तेही लिहितो, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या इथे होतात. दोन हेडफोनांत एकाचा आवाज १ डेसिबलने जरी मोठा असला, तरी तो मोठा वाटत नाही, ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. म्हणून पातळी जुळवणे अपरिहार्य आहे. गादीच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापा, मधोमध भोक पाडा, त्यातून फोनचा मायक्रोफोन आत येईल असे धरा आणि त्यावर हेडफोनचा एक कप टेकवा. ५०० ते २००० हर्ट्‌झपुरता मर्यादित नॉइज (सळसळीसारखा चाचणीचा आवाज) वाजवून डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर दोन्ही हेडफोनांचे वाचन सारखे येईपर्यंत आवाज फिरवा आणि त्या दोन खुणा लिहून ठेवा. या पद्धतीने खरी पातळी कळत नाही, पण दोहोंतला फरक १ डेसिबलच्या आत येतो, आणि कामापुरते ते पुरेसे आहे. दुकानात हे करू द्यायला कोणी नकार दिला, तर तिथे घाईने निर्णय घेऊ नका.

सोबत स्वतःचा एचडी ६०० नव्या गाद्यांसह न्या. अनोळखी प्रात्यक्षिक मुद्रणे ऐकू नका. तुम्हाला तोंडपाठ असलेला एक विलंबित ख्याल, एक एकल तबला आणि एक जुनी तबकडी पुरेशी आहे. विलंबितात समेच्या आधीच्या शांत जागेत तानपुरा कसा उभा राहतो ते ऐका. शक्य असेल तर नवा हेडफोन आठवडाभर घरी ठेवून फक्त तोच वापरा आणि मग एका रात्री जुन्याकडे परत या. पहिल्या दिवशीची छाप नव्याच्या बाजूने झुकलेली असते, आणि काही दिवसांत मेंदू कोणत्याही संतुलनाला सरावतो. परत येताना जे चुकल्यासारखे वाटते, तोच खरा फरक. त्यातही घरातला पंखा तुमच्या नेहमीच्या वेगावर ठेवा. हे सगळे हेडफोन उघड्या पाठीचे आहेत. पंख्याची घरघर त्यांच्यातून सरळ आत येते आणि मंद आवाजात आलापीच्या शेवटची आस (स्वराची मागे रेंगाळणारी गुंज) गिळते. दुकानातल्या शांत, वातानुकूलित खोलीत ऐकू आलेला बारीक तपशील घरी ऐकू येईलच असे नाही.

माझा सल्ला असा. आधी गाद्या, श्रवणचाचणी आणि ईक्यू. एवढ्यावर महिनाभर ऐका. तक्रार गेली तर खरेदीची गरज उरत नाही, कारण जवळून ऐकू येणाऱ्या गळ्यासाठी चारांतला कोणताही हेडफोन तुम्हाला एचडी ६०० हून निःसंशय वरचढ वाटेल असे मला वाटत नाही. त्यानंतरही मैफलीचा अवकाश हवा असे वाटले तर एचडी ८०० एस घ्या, ६००० हर्ट्‌झवर ३-४ डेसिबलची अरुंद कपात आणि खालच्या बाजूस ३ डेसिबलचा शेल्फ लावून. पुरुष गायकांचे आणि पखवाजाचे मुद्रण संग्रहात भरपूर असेल आणि चष्मा काढून ऐकणे जमत असेल, तरच आर्याचा विचार करा. दोन्ही बाबतींत एचडी ६०० विकू नका. तबकड्या ऐकायला तो लागेल. आणि नवा जोड घ्याल तेव्हा गाद्यांचा एक जादा संच मागवून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, कारण मॉडेल बंद पडल्यावर सर्वांत आधी मिळेनाशा होतात त्या गाद्याच.